सेलूवालीचा डोंगर

मुलांनो, तुमच्या शाळेच्या खिडकीतून डोंगर दिसतो का? नाशिक-साताऱ्याकडच्या मुलांनी लगेच हात वर केले असतील. आमच्या वर्ध्याकडच्या मुलांना मात्र जरा विचार करावा लागेल. मी राहते नालवाडीला. वर्ध्याहून नागपूरकडे निघालात की शहराला चिकटूनच नालवाडी लागते. इथे उभं राहून चहूकडे पाहिलं तर काय दिसतं? नवी नवी घरं, विजेचे खांब, त्यांच्यापलीकडे कापूस, तूर, सोयाबीन. जमीन कशी, पोळपाटासारखी! मी प्राथमिक शाळेत शिकवते. डोंगराचा धडा आला की आम्ही मैदानात ओल्या मातीचा ढीग करतो, त्यावर लोटाभर पाणी ओततो आणि ‘ही झाली नदी’ म्हणतो. मुलं बिचारी मान डोलावतात.

अशा सपाट गावातल्या बाईंवर डोंगर चढायची वेळ का आली, असं तुम्ही विचाराल. एका वाढदिवसामुळे आली.

आम्ही पाच जण डी.एड.ला एकत्र होतो. तिथे आम्हाला कुणी नावानं हाक मारायचंच नाही. गावावरूनच ओळख. हिंगणघाटवाली, आर्वीवाला, समुद्रपूरवाला, सेलूवाली आणि मी नालवाडीवाली. आता पाचही जण शिक्षक आहोत, तिशी उलटून गेली आहे, दोघांच्या डोक्यावर पांढरे केस आले आहेत, तरी फोनवर अजून तेच. ‘हॅलो, आर्वीवाला बोलून राहिलो.’ या लेखातही आपण तीच नावं ठेवू. ती म्हणाली आहेत, चालेल म्हणून.

गेल्या फेब्रुवारीत सेलूवालीला पस्तीसावं वर्ष पूर्ण होणार होतं. जानेवारीतच तिचा फोन आला. म्हणाली, “यंदा मी वाढदिवस करणार आहे.”

आम्ही चाट! कारण सतरा वर्षांत तिनं वाढदिवस कधी केलाच नव्हता. आम्ही विसरलो तर तिला बरं वाटायचं.

“कर ना वं. काय करायचं? हॉटेलात जेवायला जाऊ?”

“नाही. मले डोंगर चढायचा आहे.”

आता हे वाक्य आर्वीवाल्यानं म्हटलं असतं तर आम्ही नुसते हसलो असतो. सेलूवालीनं म्हटलं म्हणून कुणी हसलं नाही. का, ते सांगते. जरा लक्ष देऊन वाचा हं, कारण विदर्भातल्या तर पुष्कळ मुलांचा याच्याशी संबंध आहे.

सेलूवालीला सिकलसेल नावाचा आजार आहे. जन्मापासून आहे. तो खोकल्यासारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तिच्या शेजारी बसून, तिच्या डब्यातलं खाऊन, तिच्या हातात हात घेऊन तो होत नाही. हा रक्तातला आजार. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, अगदी बारीक, चपट्या गोल, मधे जरा दबलेल्या. त्यांचं काम एकच : छातीतून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा. पेशी लवचीक असतात, म्हणून केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांतून अंग चोरून निघून जातात. सिकलसेल असलेल्या माणसाच्या या पेशी प्राणवायू कमी पडला की ताठ होतात आणि वाकतात, थेट विळ्यासारख्या. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, म्हणून आजाराचं नाव सिकलसेल. असे विळे बारीक वाहिन्यांत अडकले की पुढे रक्त जात नाही आणि भयंकर दुखायला लागतं. हाडांत, सांध्यांत, कधी पाठीत, कधी छातीत. शिवाय साधी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याची पेशी जेमतेम दहा-वीस दिवस. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळसर आणि थकवा कायमचा पाहुणा.

ही दुखणी कशानं उठतात? अंगातलं पाणी कमी झालं की, फार थंडी वाजली की, ताप आला की, दमेपर्यंत धावपळ केली की. आता तुम्हीच सांगा, डोंगर चढणं म्हणजे यातलं काय काय होतं?

लहानपणी सेलूवाली सारखी आजारी. एका शाळेत तिला ‘आळशी’ म्हणायचे आणि खेळाच्या तासाला मैदानाला चकरा मारायला लावायचे. रात्री तिचे पाय असे दुखायचे की आई आणि बाबा आळीपाळीनं चोळत बसायचे. कुणी म्हणे वात आहे, कुणी म्हणे नजर लागली. अकराव्या वर्षी रक्त तपासलं तेव्हा कळलं. तोवर नात्यातल्या एक बाई घरी येऊन बोलून गेल्या होत्या, “ही पोरगी काही वीस वर्षं काढत नाही.” पोरगी दाराआड उभी राहून ऐकत होती. मोठ्यांनो, दाराआड कुणी ना कुणी उभं असतंच, बरं का!

तर ती आता पस्तीस वर्षांची होत होती.

आर्वीवाला उत्साही प्राणी. तो म्हणाला, “डोंगर चढायचा तर कळसूबाई! १६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही.” हिंगणघाटवालीनं त्याला फोनवरच झाडलं. “तिले कळसूबाईवर नेते म्हणते, येडा झाला काय? थंडी किती, वारा किती! त्यापेक्षा मी घरी पुरणपोळी करते.” मग चिखलदऱ्याचं निघालं. ते आमच्या बाजूचं थंड हवेचं ठिकाण, हजार मीटरहून उंच. पण थंड हवा हीच तर अडचण. बोलता बोलता असं झालं की चौघं मिळून ठरवून राहिले आणि जिचा वाढदिवस ती फोनच्या त्या टोकाला गप्प.

शेवटी ती म्हणाली, “झालं तुमचं? मी डॉक्टरांना विचारून आली आहे. ते म्हणाले, जा. पण हळू जा, पाणी पीत जा, दमायच्या आधी थांब, दुखलं की थांब. लहान डोंगर पाहा. मी काय काचेची आहो काय?”

‘लहान डोंगर’ हा शब्द ऐकला आणि मला आमच्या नालवाडीतली एक जुनी गोष्ट आठवली. तुम्हालाही सांगते.

विनोबा भावे १९३२ सालच्या डिसेंबरात नालवाडीला राहायला आले. सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यावरच जगायचं, असा प्रयोग त्यांनी इथे केला. तासन्‌तास कातणं, वर शिकवणं, वाचन. शरीर झिजत गेलं. १९३८ साली त्यांचं वजन उतरून ८८ पौंड झालं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. तुमच्यातल्या सातवी-आठवीच्या मुलाएवढं! गांधीजी तेव्हा जवळच सेवाग्रामला. त्यांनी विनोबांना बोलावून घेतलं. कुठेतरी थंड हवेच्या डोंगरावर जाऊन विश्रांती घ्या, असं सांगणं झालं. विनोबांनी डोंगर निवडला तो कुठला? पवनार! नालवाडीहून त्याच नागपूर रस्त्यानं पुढे गेलं की धाम नदी लागते, तिच्या काठावरची टेकडी. तिथे जमनालाल बजाजांचा बंगला होता. गरिबांना कुठलं आलंय महाबळेश्वर, त्यांचा डोंगर हाच, अशी त्यामागची भावना. ७ मार्च १९३८ या दिवशी विनोबा तिथे गेले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातली सगळी ओझी टाकून दिली. मग रोज थोडी थोडी जमीन खणायची, सुरुवातीला पाचच मिनिटं, पुढे हळूहळू वाढवत. दहा महिन्यांत त्यांचं वजन चाळीस पौंडांनी वाढलं. पवनारची टेकडी तुम्ही पाहिलीत तर म्हणाल, ही काय टेकडी! पण ज्याला चढायची त्याला ती पुरली.

ही गोष्ट मी फोनवर सांगितली. आर्वीवाला म्हणाला, “म्हणजे पवनारला जाऊ? तिथे तर आपण सहलीला दरवर्षी पोरं नेतो.” सेलूवालीलाही पवनार नको होतं. तिला अशी जागा हवी होती की जिथे घाम येईल. तेव्हा समुद्रपूरवाला, जो सहसा बोलत नाही, तो बोलला, “गिरडला या.”

गिरड आमच्याच वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. गावाशेजारच्या डोंगरावर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे नवस फेडायला येतात. शेख फरीद तीस वर्षं फकीर म्हणून फिरले आणि १२४४ साली या डोंगरावर येऊन राहिले, असं जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये लिहिलेलं आहे. डोंगर फार उंच नाही. मात्र त्याची एक गंमत अशी आहे की तशी दुसरीकडे सहसा दिसणार नाही, ती पुढे येईलच.

दिवस ठरला रविवारचा. फेब्रुवारी मधोमध आला की आमच्याकडे थंडी सरते आणि ऊन अजून कडक झालेलं नसतं, म्हणून तोच बरा. सेलूवाली शनिवारी संध्याकाळीच माझ्याकडे नालवाडीला मुक्कामाला आली. तिच्या पिशवीत चार बाटल्या पाणी, गोळ्यांचा डबा, एक स्वेटर, एक टोपी आणि एक कागद. त्या कागदावर तिनं आपल्या अक्षरात तीन नियम लिहून आणले होते. आम्ही चौघांनी खाली सह्या करायच्या.

पहिला : मी सांगेन तेव्हा थांबायचं. मी सांगितलं नाही तर थांबायचं नाही.
दुसरा : ‘दमलीस का?’ असं कुणी विचारायचं नाही. दर अर्ध्या तासानं मी स्वतःच सांगेन.
तिसरा : मला विचारल्याशिवाय माझी पिशवी कुणी घ्यायची नाही.

हिंगणघाटवालीनं तिसऱ्या नियमावर भांडण केलं. शेवटी सही केली, पण ‘नाइलाजाने’ असं कंसात लिहून.

सकाळी एस.टी.नं हिंगणघाट, तिथून समुद्रपूर आणि मग गिरड. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर असेल, वेळ मात्र तीन तास, कारण एस.टी. प्रत्येक झाडाखाली थांबते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलायला लागले होते. पान एक नाही आणि झाडभर केशरी फुलं. हरभरा काढायला आला होता, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. सेलूवाली खिडकीशी बसून दर थोड्या वेळानं एक घोट पाणी पीत होती, घड्याळ लावल्यासारखी.

समुद्रपूरवाला आधीच येऊन थांबला होता. या अबोल माणसानं काय केलं होतं पाहा. भाच्याची गाडी मागून आणून पायथ्याशी उभी केली होती आणि समुद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात आदल्या दिवशी जाऊन, रविवारी डॉक्टर कोण आहेत, हे विचारून ठेवलं होतं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी भाच्याच्या तोंडून कळलं.

चढायला सुरुवात झाली. आमच्या पुढून गावातली चार पोरं टणाटण उड्या मारत गेली आणि आम्ही पहिलं वळण घेतो न घेतो तोच वरून परतही आली. एकानं विचारलं, “काहो, तुम्ही इतके हळू काहून जाऊन राहिले?” आर्वीवाला म्हणाला, “आम्ही दगड मोजून राहिलो.” त्या पोराला ते खरंच वाटलं. तो म्हणाला, “मग खाली पाहा नं. इथले दगड जादूचे हायेत.”

हीच ती गंमत. गिरडच्या डोंगरावर पायाखाली गोल गोल गोटे सापडतात. काही सुपारीएवढे, काही मोठे, नारळाची आठवण व्हावी असे. गोष्ट अशी सांगतात : दोन व्यापारी नारळ-सुपाऱ्या आणि असलाच माल घेऊन इथून चालले होते. त्यांनी शेख फरीदांची टिंगल केली. बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले. व्यापारी रडकुंडीला आले, पाया पडले. तेव्हा बाबांनी झाडाचा वाळलेला पाला घेऊन त्याचा नवा माल करून दिला. मग ते दोघं व्यापार सोडून इथेच राहिले. डोंगरावरच्या दोन थडग्यांकडे बोट दाखवून, ती त्यांचीच, असं म्हणतात.

शास्त्राच्या पुस्तकातली गोष्टही काही कमी नवलाची नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्राच्या बऱ्याच भागावर जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पसरला. थरावर थर बसले आणि निवून त्यांचा काळा दगड झाला. त्यालाच बेसाल्ट म्हणतात. लाव्हारस निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, भाकरीत फोड येतात तसे. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि आत पांढरी, गुलाबी खनिजं साठत गेली. अशा खनिजांच्या एका घराण्याचं नाव झिओलाइट. काळा दगड ऊनपावसानं झिजतो, आतले गोटे मोकळे होतात आणि घरंगळत वाटेवर येतात. सिन्नरला अशा खनिजांचं ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच आहे. कधी गेलात तर पाहा.

पहिला अर्धा तास झाला. सेलूवाली थांबली, पाणी प्याली आणि सभेत बोलावं तशी म्हणाली, “दहापैकी शून्य.” म्हणजे दुखणं शून्य. असे तिचे गुण असतात. दवाखान्यात विचारतात ना, दहापैकी किती दुखतंय, तसे. दुसऱ्या अर्ध्या तासाला ‘एक’. हिंगणघाटवालीचे ओठ हलले. तिनं कागदावरची सही आठवून ते मिटून घेतले. माझ्या ओळखीत तिच्याइतकी बोलकी बाई नाही, तेव्हा तिला किती कष्ट पडले असतील, विचार करा.

साधारण पाऊण वाट झाली असेल. एका कडुनिंबाखाली सेलूवालीनं हात वर केला. “थांबा. डावा गुडघा. तीन.”

आम्ही बसलो. तिनं गोळी घेतली, पाणी प्याली, स्वेटर काढून गुडघ्याभोवती गुंडाळला. वीस मिनिटांनी म्हणाली, “चार.” ऊन वर आलं होतं. वर दर्ग्याचा हिरवा झेंडा दिसत होता, हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ.

आर्वीवाला उठला. “चाल, मी पाठुंगळी घेतो. पाच मिनिटांत वर पोचवतो.”

“नको.”

“अवो, वजन तरी किती तुझं!”

“वाढदिवस माझा आहे. डोंगरही माझा आहे. तुझ्या पाठीवरून गेली तर तो तुझा होईल.” मग जरा थांबून म्हणाली, “तुम्ही तिघं जा. वर काय दिसते ते पाहून या आणि मले सांगा. पण खरं सांगजा. मले बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.”

हिंगणघाटवालीला जायचंच नव्हतं. तिचे डोळे भरले होते. सेलूवालीनं पिशवीतून एक नारळ काढून तिच्या हातात दिला आणि ‘माझ्या नावानं चढव’ म्हणाली. तेव्हा ती गेली. मी खाली राहिले.

बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग ती आपण होऊनच भावाचं बोलली. तिला एक धाकटा भाऊ होता. त्यालाही हाच आजार होता. तो नववीत असताना गेला. हे मला माहीत होतं. पण त्याचा आणि हिचा वाढदिवस एकाच आठवड्यात, आणि घरात दोघांना मिळून एकदाच ओवाळायचे, हे मला सतरा वर्षांत ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर आईनं ताट काढलंच नाही, आणि हिनंही कधी मागितलं नाही. “त्याले चढायची फार हौस होती,” ती म्हणाली. “झाड, भिंत, टाकी. दुसऱ्या दिवशी पाय धरून रडे. तिसऱ्या दिवशी पुन्हा चढे.”

मग तिनं खाली पाहिलं आणि हसली. तिच्या पायाशीच चार-पाच गोटे पडले होते, पिटुकल्या सुपाऱ्यांसारखे. एक उचलून तिनं उन्हात धरला. एका बाजूनं फुटला होता आणि आत बारीक बारीक कण चकाकत होते.

तिघं परत आले. हिंगणघाटवालीनं प्रसादाचं खोबरं दिलं. सेलूवालीनं विचारलं, “काय दिसलं?”

हिंगणघाटवाली सुरू झाली, “अगं, काय सांगू, असं सुंदर...”

“तू थांब. समुद्रपूरवाल्या, तू सांग.”

तो डोकं खाजवत म्हणाला, “खरं सांगू? इथून दिसते तेच दिसते. थोडं जास्त.”

सेलूवाली इतकी हसली की तिला पुन्हा पाणी प्यावं लागलं.

मग त्या कडुनिंबाखालीच वाढदिवस झाला. केक नव्हता. आमच्या वर्ध्याचा गोरसपाक होता. नसेल खाल्ला तर वर्ध्याला आल्यावर जरूर खा. तोंडात टाकला की विरघळतो. आर्वीवाल्यानं आपल्याकडची संत्री आणली होती. हिंगणघाटवालीनं भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा असं सैन्य जेवेल इतकं आणलं होतं. आणि तिनंच पिशवीतून तबक काढलं, निरांजन लावलं आणि मैत्रिणीला ओवाळलं. मघाशी वर टणाटण गेलेली पोरं पुन्हा आली होती. त्यांनाही गोरसपाक मिळाला.

जेवण झालं तोवर दुखणं दोनवर आलं. सेलूवाली उठली, दोन पावलं चालून पाहिली. आम्हाला वाटलं, आता वर जाणार. अंतर ते केवढं! आर्वीवाल्यानं तर तिची पिशवी उचलायला हातही पुढे केला आणि नियम आठवून मागे घेतला. ती वर बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, “चला, उतरू. उतरायलाही पाय लागतात. ते वर खर्च केले तर खाली कोणाच्या पायानं येऊ?”

आम्ही उतरलो. चढायला जेवढा वेळ लागला होता, जवळजवळ तेवढाच लागला. मी आजवर पुष्कळ स्पर्धांत पोरं धावताना पाहिली आहेत, बक्षिसंही वाटली आहेत. पण हातभर अंतरावरचा झेंडा सोडून पाठ फिरवणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गोटे आणावेत की नाही, यावर वाटेत वाद झाला. हिंगणघाटवालीला शाळेच्या कपाटासाठी एक हवा होता. समुद्रपूरवाला म्हणाला, लोकांच्या श्रद्धेची जागा आहे, शिवाय प्रत्येकानं एकेक नेला तर डोंगरावर राहील काय? आम्ही आणला नाही. आर्वीवाल्याची चित्रकला बरी आहे. त्यानं वहीत चार गोट्यांची चित्रं काढली. एक चकाकतो आहे असं दाखवायला त्याला बरंच खोडावं लागलं.

रात्री तिचं दुखणं पुन्हा पाचवर गेलं. सोमवारी तिनं सुट्टी घेतली, मंगळवारी शाळेत गेली. हे मुद्दाम सांगते आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल, डोंगर चढल्यावर सगळं छान झालं. तसं नसतं. रोजच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. फार दुखलं, ताप आला किंवा छातीत दुखलं तर डोंगर असो की शाळा, थेट दवाखाना.

मी वर्गात हे सगळं सांगितलं तेव्हा पोरांनी प्रश्नांनी भंडावून सोडलं. पेशी अडकते म्हणजे कशी? मग आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही घरी करा. तेल ओतायचं नरसाळं घ्या. त्यात वाळलेले वाटाणे टाका. घरंगळत खाली जातात. आता ती वाकडी मॅकरोनी मिळते ना, ती मूठभर मिसळा. एकमेकीत अडकून नरसाळ्याचं तोंड बंद! मागचे वाटाणेही अडकले. हलवलं की सुटतात, पुन्हा अडकतात.

अमेरिकेतल्या शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी अशा पेशींबद्दल १९१० साली पहिल्यांदा लिहिलं. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात त्या दिसल्या होत्या. तो तरुण शिकून आपल्या बेटावर परत गेला आणि त्यानं दवाखाना चालवला, हे माझ्या वर्गाला फार आवडलं. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला. मध्य भारतात, आपल्या विदर्भात, तो पुष्कळ कुटुंबांत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचं रक्त तपासायचं आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं ठरलं आहे.

संपवायचा कसा? इथे गणित येतं. दोन नाणी घ्या. एक आईचं, एक बाबांचं. छापा म्हणजे सिकलचा गुण, काटा म्हणजे साधा. आई आणि बाबा दोघंही ‘वाहक’ असतील, म्हणजे दोघांकडेही एक साधा आणि एक सिकलचा गुण असेल, तर बाळाला काय मिळेल? दोन्ही नाणी उडवा. दोन्ही काटे पडले तर बाळ अगदी साधं. एक छापा, एक काटा, तर बाळ वाहक. वाहकाला बहुधा कळतही नाही, तो इतरांसारखाच जगतो. उलट गंमत म्हणजे जिवावर बेतणारा हिवताप त्याला कमी होतो, म्हणूनच जिथे हिवताप जास्त तिथे हा गुण टिकून राहिला. आणि दोन्ही छापे पडले तर आजार. चारात एकदा. म्हणून लग्न ठरवण्याआधी दोघांचं रक्त तपासून घ्यायचं. पत्रिका जुळते की नाही हे पाहायला आपण कुठे कुठे जातो! त्याच फेरीत एकदा रक्ताचंही पाहावं. आईबाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठी.

नाणी उडवता उडवता माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, चारात एक म्हणता, मग तुमच्या मैत्रिणीच्या घरी दोघांपैकी दोघांना कसं झालं?” मी तिला म्हटलं, उडवत राहा. तिच्या पाचव्या खेपेला दोन छापे पडले, सहाव्या खेपेलाही दोन छापे. नाण्याला मागचं काही आठवत नसतं. ती बराच वेळ त्या नाण्यांकडे पाहत बसली.

मार्चमध्ये सेलूवाली आमच्या शाळेत आली. मुलांनीच बोलवा म्हणून हट्ट धरला होता. तिनं आर्वीवाल्याची चित्रं दाखवली, दहापैकी गुण द्यायचं शिकवलं, सगळ्यांनी आपापल्या गुडघ्याला गुण दिले. एकानं विचारलं, “दुखते तेव्हा तुम्ही रडता काय?” ती म्हणाली, “सातच्या पुढे.”

मागच्या बाकावरून आणखी एक हात वर आला. “मॅडम, म्हणजे तुम्ही वर गेल्याच नाही?”

“अजून नाही,” ती म्हणाली, आणि पिशवीतून बाटली काढून पाणी प्याली.